चतुर्थीच्या चंद्राआड गेलेला तारा

सातारा ते माण

गणपतीच्या आदल्या दिवशी एस.टी.त जागा हवी असेल, तर मांडीवर कापडात गुंडाळलेली दुर्बीण असावी. साताऱ्याच्या स्थानकावर मी दहिवडीच्या गाडीत चढले, तेव्हा आत उभे राहण्यापुरतीही जागा नव्हती. निम्म्या प्रवाशांच्या मांडीवर उपरण्यात झाकलेल्या गणेशमूर्ती होत्या. माझ्या छातीशी गोधडीत बांधलेली दुर्बिणीची नळी होती आणि एका टोकाला ती सोंडेसारखी किंचित पुढे आलेली होती. एक पोक्त गृहस्थ ताबडतोब उठून उभे राहिले आणि "बसा, देव हाय संगं," म्हणाले. कोणी मला विचारले नाही, म्हणून मी कोणाला खोटे सांगितले नाही. कोरेगावला चढलेल्या एका बाईंनी गोधडीला हळदकुंकू लावले, तेव्हाही मी हात जोडून गप्प राहिले. दुसरी दुर्बीण सामानाच्या पिशवीत पायाशी होती. तिला कोणी विचारले नाही.

दोन दुर्बिणी घेऊन मी कोठे निघाले होते, ते आधी सांगते.

चंद्र आकाशातून पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत असताना वाटेतले तारे झाकतो. याला पिधान म्हणतात. चंद्राला हवा नाही, त्यामुळे तारा त्याच्या कडेशी आला की मंद होत होत जात नाही, एका क्षणात नाहीसा होतो. मात्र तारा खरोखर मोठा असेल तर त्याला झाकले जायला सेकंदाचा काही शतांश भाग लागतो आणि तेवढ्या अवधीवरून त्याचा आकार मोजता येतो. दाराआड सरकणारी भाकरी जितकी मोठी, तितकी ती दिसेनाशी व्हायला वेळ अधिक, इतके हे सोपे आहे. आणि तारा एक नसून दोन असतील, तर तो दोन टप्प्यांत जातो. दूरच्या रस्त्यावर एस.टी.चे दोन दिवे एकच ठिपका वाटतात. पण गाडी कारखान्याच्या भिंतीआड वळली की आधी एक दिवा झाकला जातो, मग दुसरा, आणि तेव्हा कळते की दिवे दोन होते.

आमच्या हौशी आकाशनिरीक्षकांच्या मंडळाला असाच एक तारा तपासायचा होता. चित्रेच्या शेजारचा, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा, नावाऐवजी यादीतला क्रमांक असलेला. तो जोडतारा असावा असा संशय होता. चंद्राची वाट दरवर्षी थोडी थोडी सरकते. या वेळी संधी हुकली, तर आमच्या भागातून तो तारा पुन्हा झाकला जाणार होता कित्येक वर्षांनी, म्हणजे माझ्या वयाचा विचार करता कधीच नाही. शिवाय नोंदी दोन ठिकाणांहून हव्या होत्या. दोन गावांहून पाहिले की चंद्राची कड ताऱ्याला किंचित निराळ्या कोनातून भिडते, आणि मगच जोडीदार कोणत्या दिशेला व किती अंतरावर आहे हे ठरते. एका नोंदीने उत्तर अर्धेच मिळते, आणि अर्ध्या उत्तराला मी कधी पूर्ण गुण दिलेले नाहीत.

पिधान गणेशचतुर्थीच्या सायंकाळी सात वाजून बेचाळीस मिनिटांनी होते. मंडळाच्या पुण्याच्या संयोजकांनी चार जणांना विचारले. चौघांच्याही घरी गणपती. आमचा गणपती थोरल्या दिरांकडे असतो, त्यामुळे माण आणि पलूस ही दोन्ही केंद्रे मी आनंदाने पत्करली. सुट्टी आहे, मुंबईला गेलेली माणसेही गावी आलेली असतील, मदतीला हात कमी पडणार नाहीत, असा माझा विचार होता. पंचांग मी नीट पाहिले होते, माणसांचा विचार करायचा तेवढा राहिला.

माण

माणातले ते गाव मला नवे नव्हते. माझी पहिली नेमणूक तिथल्याच शाळेत झाली होती. स्टँडवर घ्यायला आलेला दत्ता नववीत माझ्या वर्गात होता. आता तो निवृत्त सुभेदार आहे, मिशी पांढरी झाली आहे. मला पाहताच तो ताठ उभा राहिला. मी म्हटले, "अरे, चल आता." तो हलेना.

"बाई, तुमी अजून बस म्हणाला न्हाई."

मला काही आठवेना. घरी जाईपर्यंत त्याने आठवण करून दिली. सहामाहीच्या परीक्षेत त्याच्या आणि शेजारच्या बबनच्या पेपरात एकच विचित्र चूक सापडली होती. माझा नियम पक्का होता. उत्तर सारखे असेल तर अभ्यास, चूक सारखी असेल तर कॉपी. मी दत्ताला बाकावर उभे केले, घंटा झाली आणि मी निघून गेले. दत्ता हे सगळे हसत सांगत होता. मीही हसले, आणि नियम मात्र बरोबरच होता असे मनात म्हणून घेतले.

साताऱ्याहून पुसेगाव मागे पडले की रान हळूहळू कोरडे होते. भाद्रपदातही इथल्या माळावर मेंढ्यांना चारा शोधत फिरावे लागते. शेतकऱ्याला जे आकाश नकोसे, तेच आम्हाला हवेसे, हे मला तिथे जरा लाजिरवाणे वाटले. दत्ताच्या बायकोला हरतालिकेचा कडक उपवास होता, म्हणून चुलीपुढे त्याची आई बसली होती. सगळी वस्ती तिला आक्का म्हणते. बाजरीची भाकरी आणि हुलग्याचे माडगे तिने पुढे ठेवले. माडगे म्हणजे हुलग्याच्या पिठाचे कढण. आमच्या साताऱ्याच्या घरी ते पाहुण्यापुढे ठेवायला लाजतील. मी दोन वाट्या मागून घेतल्या.

जेवताना मी उद्याचे काम समजावून सांगितले: मी पलूसला असणार, इथली दुर्बीण दत्ताने सांभाळायची. दत्ताने सैन्यातल्यासारखे प्रश्न विचारले, वेळ विचारली, दिशा विचारली. सगळे ठरत आले, तेव्हा आक्का तव्यावरून नजर न काढता म्हणाली, "उंद्याच्याला चौथ हाय. चंद्र बघायचा आसतोय व्हय?"

दत्ताचा हात ताटातच थांबला. चतुर्थीला चंद्र पाहिला की चोरीचा खोटा आळ येतो, ही गोष्ट मला ठाऊक होती. ती कोणी या कामात मध्ये आणील, हे मात्र माझ्या आखणीत नव्हते. मी शास्त्रीय बाजू मांडू लागले. दत्ताने ती शेवटपर्यंत आदराने ऐकली आणि मग कमरेचा जुडगा काढून माझ्यासमोर ठेवला. शाळेच्या संगणकखोलीची, देवळाची आणि पाण्याच्या टाकीची किल्ली त्याच्याकडे होती. गावात दुसऱ्या कोणावर चोरीचा आळ आला तर तो भांडून मोकळा होईल, त्याच्यावर आला तर तिन्ही कुलपांना लोक पाहत राहतील, असे त्याचे म्हणणे होते. 

मात्र उपाय होता. तारे रोज सुमारे चार मिनिटे लवकर त्याच जागी येतात. म्हणजे उद्या सात बेचाळीसला तो तारा आकाशात जिथे असेल, तिथेच तो आज सात शेहेचाळीसला असणार, आणि आज चंद्र त्याच्यापासून बराच दूर पश्चिमेला. आजच दुर्बीण त्या ताऱ्यावर रोखून सगळे स्क्रू आवळून ठेवले, तर उद्या कोणी वर पाहायचे कारणच नव्हते. तारा आपण होऊन दुर्बिणीसमोर येईल, चंद्रही येईल. दत्ताने फक्त स्वतःच्या घड्याळात सात एकोणचाळीस झाले की कॅमेऱ्याची कळ दाबायची. कॅमेऱ्याच्या पडद्यावर कापड टाकलेले असेल.

आक्काने हे दोनदा सांगायला लावले. मग म्हणाली, "म्हंजे भांडं ठिवायचं आन् दूध आपसूक पडायचं."

मी म्हटले, अगदी तसेच.

सायंकाळी मी चित्रेवरून मोजत तो तारा गाठला, सात शेहेचाळीसला मध्यभागी आणला आणि स्क्रू आवळून पेन्सिलीने खुणा केल्या. तिपाईच्या पायांना दगड रचले. दत्ताने आक्कासमोर शब्द दिला की चंद्राकडे पाहणार नाही आणि दुर्बिणीला कोणाला शिवू देणार नाही. वारा लागू नये म्हणून दुर्बिणीवर एक मोठे डालगे पालथे घातले. डालगे म्हणजे कोंबड्या झाकून ठेवायची बुरुडाची टोपली. कोणतीही वस्तू तिच्या नेहमीच्या कामासाठीच ओळखली जाते, हे मी वर्गात अनेकदा शिकवले आहे, पण त्या रात्री मला ते सुचले नाही. पहाटे डालग्यातून आवाज येऊ लागला. आक्काने अंधारात उठून सवयीने एक कोंबडी आत सारली होती. ती दुर्बिणीच्या नळीवर बसून होती. दत्ताने सुरुंग काढतात तसे तिला बाहेर काढले. पेन्सिलीच्या खुणा जागच्या जागी होत्या. मी तिचे वजन विचारले नाही.

कडेगाव, पलूस

मायणी, विटा करत गाडी कडेगावला आली आणि खिडकीतला रंग बदलला. सकाळी ज्या जिल्ह्यातून निघाले तिथे बांध दिसत होते, इथे उसाने बांध गिळले होते. स्टँडवर ढोल वाजत होते. माझी दुसरी दुर्बीणही आता गोधडीत होती, कारण एकदा साधलेली युक्ती सोडणे शिस्तीत बसत नाही. परंतु चतुर्थी उजाडली होती, सगळ्यांचे गणपती बसले होते. "ह्यो उशीर झालेला गणपती कुणाचा?" असे कंडक्टरने विचारले आणि मला उभ्याने पलूस गाठावे लागले.

पलूसला भूपालअण्णांकडे मुक्काम होता. ते माझ्या मैत्रिणीचे थोरले भाऊ, जैन कुटुंब, द्राक्षबागायतदार. त्यांच्या घरी सूर्यास्ताआधी जेवण होते, आणि आकाशनिरीक्षकाला याहून सोयीचा धर्म मी पाहिलेला नाही. साडेपाचला ताट आले. चातुर्मास असल्याने कांदा, बटाटा काही नाही. ज्वारीची भाकरी, मुगाची आमटी, शेंगदाण्याची चटणी आणि घट्ट दही. शेजारून तळणीचे मोदकही आले होते. आमच्याकडे सण असला की जेवण लांबते आणि माणसे जडावतात. इथे सव्वासहाला भांडी घासून झाली आणि सगळे घर मोकळे.

चंद्राची अट अण्णांना लागू आहे का, हे मी आधीच विचारून घेतले. अण्णा शांतपणे म्हणाले, "आळाचं बघून घेऊ ओ बाई. रात्रीचं खायला तेवढं सांगू नका."

अडचण निराळीच आली. सात वाजता पश्चिमेला ढग चढले. कोर एकदा दिसली, तिच्या अंधाऱ्या भागावर पृथ्वीवरून परतलेला राखाडी उजेडही दिसला, आणि सगळे पुसले गेले. मी गच्चीवर घड्याळ धरून उभी होते. सात तीस. सात पस्तीस. माणात आकाश मोकळे असेल अशी आशा होती, पण तिथे दुर्बिणीपाशी तारे ओळखणारे कोणी नव्हते, आणि पलूस गेले तर उत्तर अर्धेच राहणार होते. माझ्या चेहऱ्यावर ते दिसले असावे. अण्णा खुर्चीतून उठले, कठड्याशी गेले आणि बागेवर फवारणी करायची की नाही हे ठरवताना पाहतात तसे ढगांकडे पाहू लागले. ढगाच्या एका अंदाजावर त्यांचे वर्ष उभे असते, माझी तर एकच सायंकाळ होती.

"झाकू नका दुर्बीण," ते म्हणाले. "धा मिनटात फट पडंल. लांब न्हाई टिकायची."

सात चाळीसला फट पडली. मी तारा गाठला. तो चंद्राच्या न दिसणाऱ्या कडेशी अगदी एकटा लुकलुकत होता. मी श्वास धरला आणि तो गेला. एक टप्पा की दोन, मला कळले नाही. डोळ्याची पापणीही इतक्या वेळात पुरती मिटत नाही. पावणेआठला ढग परत आले. अण्णा खाली निघाले होते. वरच्या पायरीवरून ते म्हणाले, "फट बारीक हुती."

पुन्हा सातारा

परतताना दत्ता विट्याच्या स्टँडवर येऊन माझी पहिली दुर्बीण देऊन गेला. काम झाले का, असे विचारले तर "कळ दाबली," एवढेच म्हणाला आणि परतीची गाडी पकडायला पळाला.

घरी दोन्ही चित्रफिती मी एकेक चित्र करून पाहिल्या. पलूसच्या फितीत ताऱ्याचा उजेड आधी निम्म्यावर आला, आठ चित्रे तसाच राहिला आणि मग गेला. माणच्या फितीत निम्मा उजेड पाच चित्रे होता. तारा एक नव्हता, दोन होते. मी उठून खोलीतला दिवा लावला, देवापुढचा नव्हे. नोंदी पाठवताना टिपणात मोठ्या अभिमानाने लिहिले की माण केंद्रावर कोणीही चंद्राकडे पाहिलेले नाही.

तिसऱ्या दिवशी संयोजकांचा फोन आला. मी तो उभ्यानेच घेतला आणि शेवटपर्यंत उभीच राहिले. त्यांनी सभ्यपणे सांगितले की माझ्या दोन्ही नोंदींतली वेळ गणितापेक्षा अकरा सेकंदांनी आधीची आहे. एका नोंदीत घड्याळ चुकू शकते. दोन गावांत, दोन कॅमेऱ्यांत, नेमकी तीच चूक कशी येईल? त्या सायंकाळी सांगली जिल्हा ढगाखाली होता हे सर्वांना ठाऊक होते, आणि माणात तर माझ्याच म्हणण्याप्रमाणे आकाशाकडे कोणी पाहिलेलेही नव्हते. मग दुसरी नोंद पहिलीवरून तयार केली आहे, असे कोणी म्हटले तर त्यांनी काय उत्तर द्यावे?

चूक सारखी असेल तर कॉपी. माझाच नियम, माझ्याच सुरात.

सारख्या चुकीचे कारण मला तासाभरात सापडले. दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळे मी निघण्याआधी घरी, सकाळच्या बातम्यांपूर्वी रेडिओवर होणाऱ्या ठोक्यांवर लावली होती. वर्षानुवर्षे मी घड्याळ असेच लावते. पण जुना रेडिओ बंद पडल्यापासून मी तो मोबाइलवर ऐकते, आणि तिथे आवाज इंटरनेटवरून फिरून येतो. शेजारच्या घरातला जुना रेडिओ शेजारी ठेवून मी तपासले. मोबाइलमधले ठोके अकरा सेकंद उशिरा पडत होते. चूक मान्य करायला मला अडचण नव्हती. पण कारण सांगितल्याने नोंदी दोन होत्या हे सिद्ध होत नव्हते.

तेव्हा लक्षात आले की मंडळाला फक्त चित्रे लागतात, म्हणून मी आवाज काढून टाकून फिती पाठवल्या होत्या. मूळ फितींत आवाज होता. पलूसच्या फितीत ढोल आणि अण्णांचे खाकरणे. मग मी माणची फीत लावली.

आधी आत चाललेली आरती, टाळ, एक शेळी. कळ दाबल्याचा आवाज. थोडा वेळ काही नाही. मग कापड सरकल्याची खसफस आणि अगदी जवळून, दबलेला, ओळखीचा आवाज.

"आरं तिच्या. केवढा हाय ह्यो."

त्यानंतर मिनिटभर नुसता श्वास. मग, पडद्यावर तारा ज्या क्षणी गेला त्याच क्षणी, "गेला. आं? आधी अर्धा गेला, मग पुरता."

याहून चांगला पुरावा कोणत्याही प्रयोगशाळेने दिला नसता. माणात एक जिवंत माणूस पाहत होता, आणि माझ्या डोळ्यांना न दिसलेले दोन टप्पे त्याने कॅमेऱ्याच्या पडद्यावर पकडले होते. पण तो आवाज पाठवायचा म्हणजे सुभेदाराने आईपुढे दिलेला शब्द मोडला, हे जाहीर करायचे. मंडळातली माणसे गोष्टी सांगत सुटणारी आहेत, आणि दत्ताच्या कमरेला तीन किल्ल्या आहेत. माझ्यावरचा आळ त्याच्या नावाने पुसणे मला जमेना. मी त्याला फोन केला आणि सगळे सांगितले.

 दत्ता म्हणाला, "पाठवा की बाई. आक्काला त्याच सांजंला कळलंय. पडद्याचा उजेड माझ्या तोंडावर पडला व्हता."

"मग?"

"लय शिव्या घातल्या. सगळी वस्ती ऐकत हुती. म्हणली, शिव्या खाल्ल्या की आळ फिटतो, खा." तो हसू दाबत होता. "म्हंजे माझा फिटला. तुमी बी बघितला, पर पलूसात तुमाला कुणी शिव्या घातल्या न्हाईत. तितली माणसं सभ्य. म्हणून आळ तुमच्याकडं गेला."

  दोन्ही फिती आवाजासकट मी त्याच दुपारी पाठवल्या, घड्याळाची चूक लिहून कळवली, आणि टिपणातले ते अभिमानाचे वाक्य खोडून लिहिले की माण केंद्रावर एका निरीक्षकाने चंद्रही पाहिला आणि ताराही. संयोजकांनी ऐकून क्षमा मागितली. ताऱ्याच्या क्रमांकापुढे आता जोडतारा असे लिहिले जाईल, आणि निरीक्षकांत दत्ताचे नाव माझ्या आधी आहे, कारण टप्पे त्याने मोजले.

हे कळवायला मी संध्याकाळी पुन्हा फोन लावला. नाव आधी आहे हे ऐकून तो खूष झाला. बोलणे संपत आले, तरी माझ्याने फोन ठेववेना.

"दत्ता, त्या सहामाहीला," मी विचारले, "कॉपी कोणी केली होती?"

"बबननं. पर चूक माझीच व्हती की बाई, ती काय खोटी न्हाई."

"मग तेव्हा सांगितलं का नाहीस?"

"तुमी विचारलं न्हाई. तुमी नियम सांगितला."

खिडकीबाहेर एकादशीचा चंद्र उगवून बराच वर आला होता. आता त्याच्याकडे कोणीही पाहायला हरकत नव्हती. मी खुर्ची ओढून घेतली, पण बसले नाही.

"दत्ता," मी म्हटले, "बस खाली."

 पलीकडून बाजेची सुंभाची दोरी करकरल्याचा स्पष्ट आवाज आला.